पूल पिवळाच बरा

आमच्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये एकेका पुलासाठी एक्केचाळीस रकाने आहेत. लांबी, रुंदी, वय, खांब किती, कठडा उभा आहे की पडला, सगळ्याला जागा आहे. पण त्या पुलाबद्दल फोनवर माणसं जे काही बोलतात, त्याला रकाना नाही. शेवटी 'शेरा' म्हणून एक चौकट आहे, पण तिच्यात चार शब्दांवर पाचवा मावत नाही. मग उरलेलं जातं कुठे? माझ्या डोक्यात! चार वर्षांत इतकं साठलंय की आता थोडं उतरवलं नाही, तर मलाच कुणी पुलावरून जाऊ देणार नाही.

काम काय, ते आधी सांगते. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, पवनचक्कीचं पातं अशी अवजड वस्तू रस्त्याने न्यायची तर परमिट लागतं. वाटेत जितके पूल, तितक्यांना हे ओझं झेपेल का, ते बघावं लागतं. पूर्वी इंजिनिअर जाऊन बघायचे, दिवसच्या दिवस जायचे. आता ते काम कॉम्प्युटर करतो. गाडीची चाकं किती, वजन किती, कुठे किती पडतं, हे भरलं की प्रत्येक पुलापुढे एक रंग उमटतो. हिरवा म्हणजे खुशाल जा. लाल म्हणजे जाऊ नका. पिवळा म्हणजे जा, पण पुलाआधी गाडी थांबवा, माणसं उतरवा, बाकीची वाहतूक अडवा आणि मग मधोमध, माणसाच्या चालीने न्या.

मी स्वतः एसएसएलसी, म्हणजे दहावी. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की पुण्याकडचे लोक आमची मराठी ऐकून आधी हसतात आणि मग नीट ऐकतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या या ऑफिसात मी रिसेप्शनला लागले होते. कन्नड, मराठी, हिंदी आणि थोडं तमिळ येतं म्हणून सरांनी पुलांच्या फोनवर बसवलं. ज्या पुलाची माहिती अपुरी, त्याच्या आसपासच्या माणसांना फोन करून रकाने भरायचे. नंतर सर्व्हेचा माणूस टेप घेऊन जातो आणि माझं भरलेलं तपासतो. बोलणं बहुतेक कन्नडमध्ये होतं, इथे मराठीत सांगते.

* * *

मुग्धा आमची इंजिनिअर. पुण्याची, कोरमंगल्यात पीजीत राहते. रस्त्याखालून पाणी जायला जो छोटा पूल असतो, त्याला ती आधी 'कल्व्हर्ट' म्हणायची. फोनवर तो शब्द कुणाला कळेना. मी तिला सांगितलं, "पोरी, मोरी म्हण. कानडी माणसाला कळतं आणि आपल्यालाही." तिने तो शब्द लगेच उचलला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. मी शेजारीच डबा खात होते.

"दमलेली दिसतेस गं," आई म्हणाली.

"अगं, सकाळपासून एकशेवीस मोऱ्या केल्या."

आईचा चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आला.

"किती?"

"एकशेवीस. संध्याकाळपर्यंत अजून साठ व्हायच्यात. या अक्का आहेत ना मदतीला!"

आईने मला पाहिलं. मी नमस्कार केला. त्यांनीही केला, पण चेहरा पडलेलाच.

"इंजिनिअर होऊन?" त्या हळूच म्हणाल्या. आणि मग एकदम आवाज चढवून, "इथे घरातली एक मोरी कधी घासली नाहीस!"

* * *

मंजण्णांचे सहा मोठे ट्रेलर आहेत. आमचं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांत ते सगळ्यात जुने, आणि सगळ्यात जास्त फोन करणारेही तेच. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"अक्का, माझी गाडी रात्रीत जाड झाली का?"

त्यांचा नेहमीचा ट्रेलर, नेहमीचा रस्ता. पण त्या दिवशी चार अरुंद पूल धडाधड लाल! आमचं सॉफ्टवेअर गाडीच्या फोटोवरून रुंदी मापतं. मुग्धाने फोटो मोठा करून पाहिला.

"अक्का, दोन्ही बाजूंना हे ग्रीन ग्रीन काय आहे?"

पूजेला इकडे गाडीच्या पुढे दोन्ही अंगांना केळीचे खांब बांधतात. मंजण्णांनी ते चांगले घसघशीत बांधले होते. कॉम्प्युटरने पानांच्या टोकापासून टोकापर्यंत गाडी मापली होती!

"म्हणजे पूजा केली म्हणून लाल?" मंजण्णा दुखावले. "पूजा न करणाऱ्याला हिरवा आणि आम्हाला लाल?"

आमच्या श्रीनिवास सरांनी त्याच दिवशी फॉर्मवर मोठ्या अक्षरांत सूचना टाकली: 'नो बनाना इन फोटो.'

दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरचा फोन. बिचारा फार अजिजीने बोलत होता.

"अक्का, फोटो काढायला उभा आहे. पण मागे केळ्यांची हातगाडी आहे. तिला पुढे ढकलायला सांगू, की मी गाडी मागे घेऊ?"

* * *

आता गौरक्का.

बेंगळुरापासून चार-पाच तासांवर, हायवे सोडून आत, एका ओढ्यावर जुना पूल आहे. आमच्या यादीत त्याचा नंबर होता, बाकी चाळीस रकाने कोरे. मंजण्णा म्हणाले, "पुलाच्या तोंडाशी गौरक्काचं हॉटेल आहे. तिला विचारा. पूल तिच्या डोळ्यांपुढेच असतो."

मी फोन लावला. "अक्का, मी बेंगळुराहून बोलतेय."

"सांगा अक्का."

तेव्हापासून आजतागायत ती मला अक्का म्हणते आणि मी तिला. दोघींपैकी थोरली कोण, ते अजून ठरलेलं नाही.

"पुलाची रुंदी किती असेल?"

"थांबा," म्हणाली आणि फोन ठेवून गेली. दहा मिनिटांनी आली. "एक साडी आणि वर दोन हात."

वाळत घातलेली साडी काढून तिने पुलावर आडवी पसरली होती! मी साडीचे साडेपाच मीटर धरले, हातांचा अंदाज घातला आणि आकडा लिहिला. पुढे सर्व्हेचा माणूस टेप घेऊन गेला. चार बोटांचासुद्धा फरक निघाला नाही.

"तडे आहेत?"

"आहेत. टाचांना. पुलाला नाहीत."

"झाडाची मुळं घुसलीत का कुठे?"

"एका जागी पिंपळ आला होता. बकरीने खाल्ला."

"पुलावर चढायच्या आधी रस्त्यात हंप, म्हणजे स्पीडब्रेकर आहे?"

"हंप कशाला हवा तुमच्या कॉम्प्युटरला?"

"हंपवरून गाडी उडाली की तिचा दणका पुलाला बसतो. म्हणून हंप असला तर कॉम्प्युटर सावध होतो, हळू जा म्हणतो."

"नाही बाई. इथे आम्हाला कोण हंप घालून देणार? पुढचं विचारा."

असं करत एक्केचाळीस रकाने झाले. पुलाच्या पोटातल्या लोखंडाचा नकाशा मात्र कुणाकडे नव्हता. नकाशा नसला की कॉम्प्युटर कमीत कमी लोखंड धरून चालतो. रंग आला पिवळा. इतकं सगळं मोजून दिलेलं, म्हणून मी तिला फोन करून सांगितलं. पिवळा म्हणजे काय, तेही सांगितलं.

"थांबणार म्हणजे किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास तरी."

"आणि माणसं किती?"

"मोठा ट्रेलर असला तर बारा-पंधरा असतात. सगळ्यांना उतरावंच लागतं."

तिने तो आकडा स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाली, "अक्का, इडलीला तांदूळ किती भिजत घालू?"

नवा हायवे झाल्यापासून बस आणि कार तिच्या रस्त्याने यायच्या बंद झाल्या होत्या. हायवेच्या कमानींखालून जे जात नाहीत, तेवढे उंच ट्रेलर तिकडून जायचे. पण तेही न थांबता. धाकटी मुलगी तालुक्याला नर्सिंग शिकत होती, दोन वर्षं बाकी होती. हॉटेल चाललं तर ती दोन वर्षं पुरी होणार. एवढा मोठा आमचा नकाशा, हजारो पूल, आणि जो तो विचारतो, "हिरवा आला का?" त्या सगळ्यांत पिवळा मागणारी ही एकच बाई.

* * *

श्रीनिवास सर एकदा काही सरकारी साहेबांना सॉफ्टवेअर दाखवत होते. एक साहेब म्हणाले, "ट्रेलर नको. आम्हाला समजेल असं साधं काहीतरी टाका."

सरांनी स्वतःची छोटी कार टाकली. चार चाकं, वजन बाराशे. बटण दाबलं. सगळा नकाशा लाल! बेंगळुरातून बाहेर पडायला एक पूल शिल्लक राहिला नाही.

सरांना घाम फुटला. मुग्धा त्यांच्या कानाशी लागली. "सर, तिथे टन असतं. तुम्ही किलो टाकलंत."

तेवढ्यात ते साहेब मान हलवत म्हणाले, "तरीच! तरीच तुम्हाला पार्किंग मिळत नाही!"

* * *

ड्रायव्हर पिवळ्या पुलाजवळ पोहोचला की त्याचा फोन आपोआप बोलतो. तो आवाज माझा आहे. एका दुपारी मीटिंगच्या खोलीत पंखा बंद करून माझ्याकडून बोलून घेतलं: "अण्णा, गाडी थांबवा. सगळ्यांना खाली उतरवा."

मुग्धाला ते 'अण्णा' खटकलं. "अक्का, प्रोफेशनल वाटत नाही." मग तिने ते कापलं. आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या. ड्रायव्हर फोन कापायला लागले! मंजण्णांना विचारलं, तर म्हणाले, "बाई बोलते आणि अण्णासुद्धा म्हणत नाही, म्हणजे बँकेचा फोन. कोण ऐकणार?"

अण्णा परत आले. आता सगळे ऐकायला लागले. जरा जास्तच.

एक दिवस मंजण्णांचा ट्रेलर गौरक्काच्या पुलाशी थांबला. माणसं उतरली. वाहतूक अडवली. तासाभराने सरांनी नकाशा पाहिला, ट्रेलर जागेवरच. दीड तास झाला तरी हालेना. मी ड्रायव्हरला फोन केला.

"काय झालं अण्णा? काही मोडलं का?"

"काही नाही अक्का. तुमचीच वाट बघतोय."

"माझी?"

"उतरा म्हणालात, उतरलो. चढा कुठे म्हणालात?"

दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून मी पुन्हा बोलले: "पूल झाला. आता चढा अण्णा."

गौरक्काचा लगेच फोन. "कशाला घाई केलीत अक्का? काल दोनदा इडली लागली होती!"

* * *

हा किस्सा छोटा आहे.

दोन गावांच्या मधे एक पूल होता. अलीकडच्या गावाचे लोक त्याला पलीकडच्या गावाचं नाव देतात आणि पलीकडचे अलीकडच्या गावाचं. सगळीकडे असंच असतं. तिकडे नेतो तो तिकडचा पूल. दोन्ही गावांना मी फोन केला, दोघांनीही मनापासून माहिती दिली, आणि एका पुलाचे दोन झाले! दोघांच्या मापात थोडा फरक होता, म्हणून एक हिरवा आला आणि दुसरा लाल. परमिट छापून गेलं: पहिल्या पुलावरून जावे, दुसऱ्या पुलावरून जाऊ नये.

ड्रायव्हरचा फोन आला. माणूस शांत होता.

"अक्का, पुलाशी उभा आहे. अर्ध्यापर्यंत जाऊन थांबू का?"

त्याला तिथेच थांबवून ठेवलं आणि सर्व्हेच्या माणसाला पाठवलं. चूक माझी होती. तेव्हापासून मी आधी विचारते, "ओढा कुठला?"

* * *

मुग्धाने एकदा ठरवलं की ज्या पुलांचे नकाशे नाहीत, ते शोधायचे. एका जुन्या कार्यालयात तीन दिवस बसली. तिथले वयस्कर रेकॉर्डकीपर लाल फडक्यात बांधलेली गठडी आणून द्यायचे आणि म्हणायचे, "शिंक आली तर बाहेर जा. कागद उडतात." तिसऱ्या दिवशी गौरक्काच्या पुलाचा नकाशा निघाला.

मुग्धा नकाशा बघतच राहिली. "काका, यांनी लोखंड जवळजवळ डबल घातलंय!"

रेकॉर्डकीपर चष्मा वर करून म्हणाले, "त्या काळी मापून नाही वाढायचे. हाताने वाढायचे."

ऑफिसात येऊन तिने आकडे भरले. पूल हिरवा झाला! सर खूश, मुग्धा खूश. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अक्का, काय झालं?"

मी गौरक्काचं सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली. "पण अक्का, पूल स्ट्राँग निघाला ही वाईट बातमी कशी काय?"

"वाईट नाहीच," मी म्हटलं. "पण तिला सांगायचं कुणी?"

अर्थात मीच सांगितलं.

"स्वल्प कमी लिहा की लोखंड," गौरक्का म्हणाली. "कोण उकरून बघणार आहे?"

"खोटं नाही लिहिता येत अक्का. आज तुमच्यासाठी कमी लिहिलं, तर उद्या कुणासाठी तरी जास्त लिहावं लागेल. त्या गाडीत माणसं असतात."

पातेलं घासल्याचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"सरी, बरं," ती म्हणाली. "मग खरंच लिहा."

* * *

खरंच लिहिलं. ट्रेलर हात करून पुढे जायला लागले.

मंजण्णांच्या ड्रायव्हरांना ते बघवेना. पण हिरव्या पुलाशी गाडी उभी राहिली की कॉम्प्युटर कारण विचारतो. पंक्चर, अपघात, पोलीस, इंजिन बंद. इडली नाही त्यात. मग त्यांनी पंक्चर दाबायला सुरुवात केली. सोमवारी पंक्चर. बुधवारी पंक्चर. गुरुवारी दोन गाड्या, दोन पंक्चर.

आठव्या पंक्चरला कॉम्प्युटरने स्वतःहून इशारा काढला: या जागी रस्त्यात खिळे असण्याची शक्यता, तातडीने तपासणी करावी!

सर्व्हेचा माणूस धावत गेला. त्याने दोन्ही बाजूंचा रस्ता चुंबक घेऊन पालथा घातला. रिपोर्ट आला: 'खिळे आढळले नाहीत. चटणी उत्तम.'

ज्यांचा माल होता, त्यांनी मंजण्णांना झाडलं. आठ पंक्चर म्हणजे टायर कसले वापरता? मंजण्णांनी ड्रायव्हरांना ताकीद दिली आणि मला फोन केला. "अक्का, मी तरी काय करू? माझी कामं जातील."

त्यांचंही खरं होतं. त्या महिन्यात गौरक्काने दोनपैकी एक चूल बंद केली. मुलगी सुट्टीत आली होती, ती परत जायचं नाव काढेना. "कॉलेज सोडते, इथेच दुकानात मोबाइल रिचार्ज ठेवू," म्हणायला लागली. हे गौरक्काने मला अगदी सहज सांगितलं, दूध नासल्याचं सांगावं तसं. मी 'हो का' म्हटलं.

* * *

दर तीन महिन्यांनी प्रत्येक पुलाची माहिती नव्याने विचारावी लागते. बदल झाला असेल-नसेल, फोन करायचाच. गौरक्काची पाळी आली. मला अवघडल्यासारखं झालं होतं, पण लावला.

"विचारा अक्का," ती म्हणाली. "सगळं नीट एकेक विचारा. काही गाळू नका."

"रुंदी?"

"एक साडी, दोन हात."

"तडे?"

"टाचांना."

"झाडाची मुळं?"

"बकरी आहे."

"पुलाआधी हंप?" मी विचारलं आणि सवयीने 'नाही' लिहायला बोट उचललं.

"आहे."

"काय आहे?"

"हंप आहे. दोन्ही बाजूंना. लिहा."

"कधी झाला?"

"परवा. पलीकडे शाळा आहे ना, मुलं ओलांडतात. पंचायतीत सात वेळा जाऊन बसले. सातव्यांदा इडलीचं भांडं घेऊनच गेले. ठराव झाला, कागद आहे, शिक्का आहे. आता खरं लिहाल ना?"

"सर्व्हेचा माणूस येऊन बघेल अक्का."

"येऊ दे. त्याला चटणी आवडते."

सर्व्हेच्या माणसाने दोन दिवसांत फोटो पाठवला. मुग्धा आणि मी एकत्रच उघडला. ताज्या सिमेंटचा चांगला रुंद हंप, त्यावर हळद-कुंकू, मधोमध फोडलेला नारळ. आणि दोन्ही टोकांना केळीचे खांब!

"अक्का, नो बनाना!" मुग्धा ओरडली.

"ते गाडीला," मी म्हटलं. "हंपला नाही."

तिने हंपची उंची भरली, पुलापासूनचं अंतर भरलं. पुन्हा एकदा तपासलं. बटण दाबलं. स्क्रीनवरचं चक्र थोडा वेळ फिरत राहिलं. मग ती म्हणाली, "बरोबर आहे. हंपने दणका वाढतो. अगदी रूलप्रमाणे आहे." आणि फोन उचलून माझ्या हातात दिला.

मी गौरक्काला लावला. मागे कुणीतरी भांडी लावत होतं, आणि तरण्या आवाजात कुणीतरी विचारत होतं, "अम्मा, दुसरी चूल पेटवू?"

"अक्का," मी म्हटलं, "पिवळा आला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तांदूळ सकाळीच भिजत घातलेत."